फुलं बघणाऱ्यांनो, इकडे या: तुमच्या बागेतलं काय काय बघितलंत?

फुलझाडं पुष्कळ जण लावतात, पण फूल उमलतं कधी, रंग कधी बदलतो, त्यावर येतं कोण हे निवांत बघत बसणाऱ्यांसाठी हा धागा. कुंडीतलं झाड असो नाहीतर अंगणातलं, फक्त स्वतः बघितलेलं लिहा प्लीज.

मीच सुरुवात करते. मधुमालती. संध्याकाळी उमलते तेव्हा पांढरी, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग. अंधार पडला की लांब सोंडेचे पतंग येतात, बसत नाहीत, हवेतच थरथरत थांबून सोंड आत घालतात. सकाळी मधमाश्या.

---

मधुमालतीला +१.
आमच्याकडे ब्रह्मकमळ आहे. कळी आधी खाली लोंबते, उमलायची वेळ जवळ आली की देठ वाकून तोंड वर करते, ही खूण धरली की रात्र हुकत नाही. टॉर्च घेऊन जवळून बघा, बाहेरच्या अरुंद पाकळ्या आधी सुटतात. सकाळी फूल मान टाकून लुळं पडलेलं.

---

बोगनवेल! रंगीत दिसतात ती पानं, खरी फुलं आत, बारीक पांढरी नळीसारखी, बहुतेक 3 एकत्र. पोरांना भिंगातून दाखवा, फार खूश होतात.

---

कृष्णकमळाबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? माझं सगळ्यात लाडकं. फूल उघडतं तेव्हा मधले 3 स्त्रीकेसर वर असतात आणि 5 पुंकेसर त्यांच्या खाली. थोड्या वेळाने तेच स्त्रीकेसर हळूहळू वाकून पुंकेसरांच्या उंचीला येतात. मोठा काळा भुंगा मधासाठी आत घुसला की वरचे पराग त्याच्या पाठीला लागतात, पिवळी पाठ घेऊन तो पुढच्या फुलात जातो आणि तिथे वाकलेला स्त्रीकेसर नेमका त्याच पाठीला घासतो. हे डोळ्यासमोर घडताना बघितलं आणि मी तिथून हललेच नाही. लहान माश्या येतात, पण त्यांची पाठ तिथवर पोचतच नाही.

---

भुंग्याचं वर्णन भारीच, ताई! जास्वंदीवर याच्या उलटं दिसतं. शिंजीर समोरून न जाता फुलाच्या बुडाशी बाजूनेच चोच खुपसतो, मध पितो, परागांना शिवतसुद्धा नाही.

---

कर्दळ असेल त्यांनी फूल हातात घेऊन बघा. पाकळ्या वाटतात ते खरं तर रुंद झालेले पुंकेसर, खऱ्या पाकळ्या त्यांच्याखाली असतात, अरुंद आणि टोकदार. कोणाकडे पिवळी ठिपक्यांची असेल तर फोटो टाका ना.