मार्चमध्ये रुपया वधारतो म्हणून युरो धरून ठेवावेत का?

निफाडचा_बागायतदार
आमची द्राक्षं रॉटरडॅमला जातात. कंटेनर जानेवारी-फेब्रुवारीत सुटतात, पैसे मार्च-एप्रिलमध्ये युरोत येतात. गावातले एक जुने निर्यातदार म्हणतात, "मार्चअखेर रुपया वधारतोच, तेव्हा मोडू नकोस, मेपर्यंत थांब." महिनाअखेरीला डॉलर महागतो, असंही ऐकतो. यात तथ्य किती? पीककर्जाचं व्याज चालूच आहे.

डीलिंगवाले_काका
दोन्ही गोष्टींना आधार आहे. महिनाअखेरीला तेल कंपन्या आणि बाकीचे आयातदार डॉलर उचलतात. मार्चमध्ये हिशेबाचं वर्ष संपतं, म्हणून कंपन्या बाहेरचा पैसा आत आणतात. पण २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाने डॉलर ७२ वरून ७५ च्या पुढे नेला आणि २०२२ च्या मार्चमध्ये युक्रेन युद्धाने ७७ च्या उंबऱ्यावर. तेव्हा कॅलेंडर कुणी विचारलं?

घड्याळ लावून होणारी चाल बघायची तर टोकियोत. तिथल्या बँका सकाळी ९:५५ ला ग्राहकांसाठी दिवसाचा दर ठरवतात. ५, १०, १५, २०, २५, ३० या तारखांना, म्हणजे 'गोतोबी'ला, जपानी कंपन्या देणी भागवतात. आयातदारांना डॉलर लागतो, तो ९:५५ पर्यंत येनपुढे वर सरकतो आणि मग बऱ्याचदा उतरतो. आपल्याकडे तेव्हा ६:२५. आमच्या डेस्कवरचा एक पोरगा त्यासाठी पहाटे उठायचा. हाती काय लागायचं? खरेदी-विक्रीच्या दरातला फरकच बहुतेक नफा खायचा.

आणि तुमचं दुखणं रुपयाचं एकट्याचं नाहीच. युरोचा भाव म्हणजे युरो-डॉलर गुणिले डॉलर-रुपया. २०२५ चा मार्च घ्या. रुपया खरंच वधारला, डॉलर साडेसत्त्याऐंशीवरून साडेपंच्याऐंशीवर आला. त्याच महिन्यात युरो १.०४ डॉलरवरून १.०८ वर गेला. म्हणजे युरो ९१ च्या आसपास होता तो ९२ च्या वर! तुमच्या निर्यातदारांचं रुपयाचं भाकीत बरोबर, आणि तरी मार्चअखेर युरो काही स्वस्त झाला नाही.

हिशेबनीस_ताई
काकांना दुजोरा. शिवाय ईईएफसी खात्यात, म्हणजे निर्यातदाराच्या परकीय चलनाच्या खात्यात, युरो पडून राहिले तर व्याज शून्य, आणि पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत ते मोडावेच लागतात. मार्चमध्ये आलेले मेपर्यंत ठेवताच येत नाहीत, दादा! त्यापेक्षा बँकेला फोन करून बाजाराचा चालू दर मागा. शाखेत लावलेला कार्ड रेट निमूटपणे घेऊ नका, त्यात बँकेचं मार्जिन जास्त असतं.

डीलिंगवाले_काका
आणि कंटेनर सुटला की फॉरवर्ड करा, म्हणजे पुढच्या तारखेला युरो विकायचा दर बँकेशी आजच बांधून घ्या. आपले व्याजदर युरोपपेक्षा चढे आहेत, म्हणून पुढच्या तारखेचा दर आजच्यापेक्षा वरचा मिळतो. थांबायचंच असेल तर थांबायचे पैसे घेऊन थांबा.

निफाडचा_बागायतदार
काका, घोळ असा की पक्का भाव माल तिकडे पोचल्यावर ठरतो. आधी फक्त किमान हमी असते. पेटीतले मणी गळालेले निघाले की त्या हमीतूनही कापतात.

डीलिंगवाले_काका
मग हमीच्या रकमेतूनही कापणीपुरतं बाजूला काढा आणि उरेल तेवढंच फॉरवर्डमध्ये बांधा. जास्त बांधलं आणि तेवढे युरो आलेच नाहीत, तर सौदा रद्द करताना दर तुमच्यावर उलटू शकतो. वरचे पैसे येतील तसे मोडा आणि कर्जात भरा.