केनियातलं अँग्लिकन चर्च बंदुकीने वाढलं म्हणे!

सह्यकडा: कालची पोस्ट वाचली: "केनियात अँग्लिकन चर्च वाढलं ते गोऱ्यांच्या बंदुकीमुळे, बाकी सगळ्या थापा." राहवलं नाही म्हणून लिहितोय. अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेचं, एवढं खरं. पण मिशनरी क्राफ केनियाच्या मोंबासा बंदरात उतरला १८४४ मध्ये, ब्रिटिश अंमल आला १८९५ मध्ये. मोंबासाजवळच्या राबईला क्राफ आणि रेबमान या जर्मन मिशनरी जोडगोळीने वर्षानुवर्षं घाम गाळला, पदरात मूठभर माणसं पडली. चर्चची मंडळी उभी राहिली ती गुलामीतून सुटलेल्यांची, आणि त्यांना शिकवणारे कोण? आपल्या नाशिकच्या शरणपूरला, मिशनच्या वस्तीत शिकलेले आफ्रिकन! गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली ही मुलं मोठी होऊन राबईला आणि फ्रेरटाउनला, म्हणजे मोंबासाजवळच्या मुक्त गुलामांच्या वस्तीत गेली. त्यांतल्या विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना बिशप हॅनिंग्टनने १८८५ मध्ये पाद्रीपदाची दीक्षा दिली. त्याच वर्षी बुसोगात (आजच्या युगांडात) हॅनिंग्टन मारला गेला, तेव्हा वाचलेल्यांना घेऊन जोन्सच परतला.

रोखठोक: पोस्ट माझीच. फ्रेरटाउनला नाव कुणाचं? मुंबईचा माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर. झांझिबारच्या सुलतानाने १८७३ मध्ये गुलामांच्या व्यापाराच्या बंदीवर सही केली ती आरमाराच्या धाकानेच. १९०२ च्या कायद्याने जमिनी गोऱ्यांच्या घशात गेल्या, तेव्हा किती पाद्री बोलले?

गोदाकाठ: माझी आजी नाशिकच्या ख्रिस्ती घरातली. शरणपूर रोड म्हटलं की लोकांना दुकानं आठवतात. शाळेत आम्हाला यातलं एक अक्षर शिकवलं नाही. संताप येतो!

रोखठोक: धागा केनियाचा आहे, नाशिकचं गाऱ्हाणं दुसरीकडे मांडा.

गोदाकाठ: का मांडू? जोन्स आमच्या गावात शिकला. तुमच्या बंदुकीच्या गोष्टीत तो बसत नाही म्हणून गप्प बसायचं?

सह्यकडा: गोदाकाठ यांना बोलू द्या. हीच माणसं तुमच्या पोस्टमधून गायब आहेत.

मीरा_नैरोबी: तुम्ही दोघं एकोणिसाव्या शतकातच अडकलात. नैरोबीत नोकरीला असताना सहकारी मला तिच्या गावच्या चर्चमध्ये घेऊन गेली. उपासनेनंतर अंगणात अर्पणातल्या कोंबड्या, केळ्यांचे घड, अंडी यांचा लिलाव. एकच अंडं तिघांनी घेतलं आणि पुन्हा अर्पण केलं. पैसे छपराच्या पत्र्यांसाठी. बायका 'तुकुतेंदेरेझा' गात होत्या, १९३० च्या दशकात रवांडा-युगांडातून आलेल्या ख्रिस्ती जागृतीच्या चळवळीचं गाणं. ते गावोगाव नेलं साध्या शेतकऱ्यांनी. माऊ माऊच्या, म्हणजे १९५० च्या दशकातल्या ब्रिटिशांविरुद्धच्या बंडाच्या काळात बंडखोरांची शपथ नाकारली म्हणून त्यांतले काही जिवानिशी गेले.

रोखठोक: म्हणजे सरकारच्याच बाजूने.

मीरा_नैरोबी: नाही हो! त्यांतले कित्येक गोऱ्यांसाठी बंदूक धरायलाही तयार नव्हते. आणि पुढे राष्ट्राध्यक्ष मोईच्या रांगेतल्या मतदानाला (गुप्त चिठ्ठीऐवजी उमेदवारामागे उघड रांग लावायची) उघड विरोध कुणी केला? अँग्लिकन बिशप गितारींनी. १९९७ च्या जुलैत पोलीस नैरोबीच्या अँग्लिकन ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये घुसले, आत आसरा घेतलेल्यांना झोडपलं. सरकारी चर्चची अशी गत होते?

रोखठोक: बरं, गितारींचं मान्य. 'बाकी सगळ्या थापा' एवढं मागे घेतो. जमिनीच्या प्रश्नाला मात्र कुणीच उत्तर दिलेलं नाही.