पावाची छोटी बेकरी: २५ किलोचा मिक्सर घ्यावा का?

ओगलेवाडीकर:
कराडजवळ १२ बाय २० चा गाळा आहे. वडापावच्या गाड्या, दोन मेस आणि किराणा दुकानं धरून रोज १,२०० पाव जातील असा अंदाज आहे. पुढे खारी-नानकटाई. विक्रेता २५ किलो मैद्याचा स्पायरल मिक्सर (पीठ मळायचं यंत्र) आणि दोन ट्रेचा ओव्हन सुचवतोय. सध्या घरी ५ किलो मैद्यावर सराव चालू आहे. पहिले पाव छान येतात, शेवटचे आंबूस आणि वरून बसलेले. दुसऱ्या दिवशी पिशवीत पाणी धरतं, तिसऱ्या दिवशी बुरशी. यीस्ट बदलू का?

भट्टीपुढे:
यीस्टला दोष देऊ नका. ५ किलो एकदम मळलं आणि घरच्या ओव्हनमध्ये एका वेळी वीसेक पाव मावतात, म्हणजे शेवटचे गोळे दोन-तीन तास नुसते फुगत बसतात. पीठ कुणासाठी थांबत नाही. विक्रेता तुम्हाला हीच चूक मोठ्या प्रमाणावर विकतोय. हिशोब बघा.

१० किलो मैद्याला पाणी ५.८ किलो, साखर ४००, फॅट ३००, मीठ १८० आणि इन्स्टंट यीस्ट १०० ग्रॅम. एकूण मळलेलं पीठ १६.८ किलो, भांड्या-हाताला लागून थोडं जातं. ४२ ग्रॅमचा गोळा पाडला तर साधारण ३९० पाव. १६ बाय २४ इंची ट्रेवर ६ बाय ८ असे ४८ बसतात आणि एकमेकांना चिकटून लादी होते. २१०-२२० अंशांवर १२ ते १५ मिनिटं, वर ट्रे आत-बाहेर करायला आणि तापमान परत चढायला पाच. म्हणजे एक भट्टी २० मिनिटांची.

आता २५ किलोचा घाणा: ९७५ पाव. दोन ट्रेच्या ओव्हनला दहा भट्ट्या, सव्वातीन तास. शेवटच्या लादीचं काय होणार ते तुम्ही घरी पाहिलंच आहे.

उलट दोन मजली चार ट्रेचा ओव्हन घ्या. एका भट्टीत १९२ पाव, म्हणजे जवळपास बरोबर ५ किलो मैद्याचे. १० किलोचा मिक्सर घेऊन दोन भट्ट्यांचा एक घाणा लावा, दुसरा घाणा ४० मिनिटांनी. १,२०० पावांना ३१ किलो मैदा आणि सात भट्ट्या, म्हणजे निव्वळ भाजायला अडीच तासांच्या आत. पैसे वाचवायचेत तर मिक्सरमध्ये वाचवा, ओव्हनमध्ये नको. आणि कुणी २० लिटरचा प्लॅनेटरी मिक्सर स्वस्तात देत असेल तर लक्षात घ्या, २० लिटर हे भांड्याचं माप आहे. पावाचं पीठ त्यात ४-५ किलो मैद्याचंच मळा, जास्त घातलं की मोटर जळते.

पीठाचा_थर्मामीटर:
वरचं बरोबर आहे, पण अर्धी गोष्ट तापमानाची. मळून झाल्यावर पीठ २७ अंशांवर हवं. मे महिन्यात ते ३३-३४ ला जातं आणि गोळे वळेपर्यंतच फुगायला लागतं.

त्यासाठी पाणी किती गार हवं ते असं काढा. २७ ला तीनने गुणा: ८१. त्यातून खोलीचं तापमान (समजा ३६), मैद्याचं (३४) आणि मिक्सरच्या घर्षणाने पीठ जेवढं तापतं ते अंश (स्पायरलला १२ धरून सुरुवात करा, मग आपल्या यंत्राचा आकडा काढा) वजा करा. उरलं उणे १. एवढं गार पाणी नळाला येणार नाही, म्हणून बर्फ. नळाचं पाणी २८ अंश असेल तर ५.८ किलोपैकी साधारण १.५५ किलो बर्फाचा चुरा घाला. पाण्याव्यतिरिक्त नव्हे, पाण्याच्या वजनातूनच. खडे घातले तर मळून झालं तरी पिठात सापडतात.

पिशवीतलं पाणी म्हणजे गरम पाव भरल्याची खूण. आतलं तापमान ३५ च्या आसपास आल्याशिवाय पिशवी लावू नका, जाळीवर दीड-दोन तास तरी लागतात. पावसाळ्यात बुरशी रोखायला कॅल्शियम प्रोपिओनेट, १० किलो मैद्याला ३० ग्रॅम. त्याने यीस्टही थोडं मंदावतं, हे धरून चाला. इम्प्रूव्हर (पाव चांगला फुगावा म्हणून पिठात घालायची तयार पूड) घेताना घटक वाचा: पोटॅशियम ब्रोमेटवर २०१६ पासून बंदी आहे.

ओगलेवाडीकर:
धन्यवाद. मग गॅस की वीज? आणि खारी लगेच सुरू करू का?

भट्टीपुढे:
चार ट्रेच्या विजेच्या ओव्हनला १२-१४ किलोवॅट लागतात, म्हणजे थ्री फेज वीजजोडणी. दुपारी वीज जात असेल तर गॅस घ्या. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच, घरगुती नाही. जुनी लाकडाची भट्टी कुणी गळ्यात मारत असेल तर नको. मुंबईत तर उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये अशा भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर न्यायला सांगितलं.

खारी मे महिन्यात बिलकुल नको. घड्या घालताना थरांमधलं मार्जरीन (लोण्यासारखं घट्ट फॅट) वितळून पिठात मुरलं की पदर सुटत नाहीत. थंड खोली, निदान दोन घड्यांमध्ये अर्धा तास मोठा फ्रिज, एवढं हवं. आधी नानकटाई: मैदा १ किलो, पिठीसाखर ५००, वनस्पती तूप ६०० ग्रॅम. पाव काढून झाल्यावर ओव्हन उतरत १६० ला येतो, त्याच आचेवर भाजा, वेगळा गॅस जाळावा लागत नाही. पसरून चपटी झाली तर तूप पातळ होतं किंवा ओव्हन गार होता. वनस्पतीच्या डब्यावर ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या आत असल्याचं बघा.

हिशोबनीस:
कागदपत्रं: एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा कागद (नोंदणी की परवाना ते उलाढालीवर ठरतं, अर्ज त्यांच्या फॉस्कॉस संकेतस्थळावर), उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी; फुकट असते, एजंटला पैसे देऊ नका), शॉप अ‍ॅक्ट, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा दाखला आणि वजनकाट्याची वार्षिक मोहर. पिशवीबंद माल असेल तर घटक, वजन, तारखा, एमआरपी, हिरवं चिन्ह आणि एफएसएसएआय क्रमांक छापावा लागतो. कर्ज काढणार असाल तर पीएमएफएमई (छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना) अजून चालू आहे का ते विचारून घ्या, तिच्यात ३५ टक्के आणि कमाल १० लाख अनुदान होतं.

कच्चा माल १० किलो मैद्यामागे समजा ५०० रुपये, म्हणजे पावाला १.२८. दुकानदाराला २.५० ने दिला आणि दहातला एक परत आला तर हाती २.२५. गॅस, मजुरी, पोचवणं या ९७ पैशांतूनच. म्हणून परतीचा माल घ्यायचा की नाही हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या. गाड्यांना परती न घेता थोडा कमी दर द्या, किराणा दुकानांना परती धरूनच दर लावा. परत आलेला पाव टोस्टमध्ये घालायची हौस करू नका, बुरशी डोळ्यांना दिसायच्या आधीच आत शिरलेली असते.

आणि ओव्हनचे पैसे भरण्याआधी गाळ्याच्या दाराची रुंदी मोजा. शटरची नाही, आतल्या चौकटीची.