कोड मर्ज झाला, मग रिलीज कधी?
(सोलापुरातल्या तिघांची चर्चा; नावांऐवजी त्यांचे भाग दिलेत.)

साखर पेठ
चादर-टॉवेलच्या दुकानांसाठी मी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवतो. रक्कम अक्षरी छापायला एक ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे कुणीही वापरावा-सुधारावा असा तयार कोड, वापरतो. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणनव्वद हा नियम तिनं पुढं रेटलाय, त्यामुळे 99 रुपयांच्या टॉवेलवर 'एकोणशंभर' छापून येतं. मी नियम काढून 1 ते 99 चा सरळ तक्ता घातला, चाचण्या लिहिल्या. हा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मूळ कोडात मर्ज होऊन तीन महिने झाले, पायथॉनच्या लायब्ररी जिथून उतरवतात त्या पायपीआयवर मात्र अजून जुनीच आवृत्ती. रिलीजची किल्ली, म्हणजे नवी आवृत्ती चढवायचा अधिकार, एकाच माणसाकडे आहे, आणि त्यांना वेळ नाही. माझं स्पष्ट मत: मर्ज झालेली दुरुस्ती आठवड्यात बाहेर यावी, आणि किल्ली किमान तिघांकडे असावी.

विजापूर रोड
नाही पटलं. नोकरी सांभाळून मीही रात्री एक लायब्ररी बघतो. पायपीआयवर एकदा चढलेली फाइल त्याच नावानं पुन्हा चढवता येत नाही. चुकली तर आवृत्तीचा नवा आकडाच काढावा लागतो, आणि तोवर ज्यांनी घेतली त्यांच्याकडे चूक गेलेली असते. किल्ली वाटायची म्हणता, तर फायली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेडचं 2024 चं प्रकरण आठवा. दोनेक वर्षं नीट काम करून एकानं विश्वास मिळवला, रिलीजचा अधिकार मिळवला आणि त्याच्या 5.6.0 व 5.6.1 आवृत्त्यांमध्ये मागचं दार, म्हणजे चोरवाट, बसवलं. दूरच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायच्या एसएसएचला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे एका इंजिनिअरनं खणून काढलं म्हणून वाचलो.

साखर पेठ
एक्सझेडचे मूळ सांभाळणारे एकटे होते, थकलेले होते, म्हणूनच ते घडलं. शिवाय मागचं दार उघडणारी स्क्रिप्ट फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे वाटायच्या गठ्ठ्यात होती, कोडच्या सगळ्यांना दिसणाऱ्या साठ्यात, गिटमध्ये नव्हती. सगळ्यांसमोर थेट गिटवरून यंत्रानंच रिलीज बांधलं असतं, तर ही फट राहिली नसती.

विजापूर रोड
अर्धंच सांगताय. खरा घातक भाग चाचणीच्या फायलींत लपवला होता, आणि त्या गिटमध्येच होत्या. यंत्र जे दिलं ते बांधतं, वाचायला माणूसच लागतो. तुमचाच पॅच मी आत्ता वाचला. 99 दुरुस्त केलंत, चांगलं केलंत. पण रकमेच्या शेवटी येणारा 'फक्त'ही काढून टाकलाय. चेक छापणाऱ्यांना तो लागतो, पुढं कुणी आकडा वाढवू नये म्हणून. आपोआप रिलीज झालं असतं तर आवृत्तीचा फक्त शेवटचा, तिसरा आकडा वाढला असता आणि लोकांनी किरकोळ दुरुस्ती समजून डोळे झाकून घेतलं असतं.

अशोक चौक
माझे वडील जेकार्ड मागावर होते. कार्डात एक भोक चुकलं की प्रत्येक चादरीत त्याच जागी फूल मोडायचं. म्हणून नवी डिझाइन लावली की आधी थोडं विणून, उजेडात धरून बघायचे. मालक, रिलीज कँडिडेट, म्हणजे आधी तपासायचा नमुना, काढायला काय हरकत आहे? लायब्ररी उतरवणारं पिप तो आपणहून घेत नाही, ज्याला तपासायचंय तोच मागून घेतो.

साखर पेठ
'फक्त'ची चूक माझी. दुकानदारांना नको होता म्हणून काढला, चेकचा विचारच केला नाही. आज रात्री परत घालतो. कँडिडेट निघाला की चार दुकानांत स्वतः बसून तपासेन. किल्लीबद्दलचं म्हणणं मात्र सोडत नाही.

विजापूर रोड
दोघांकडे द्या, तिघांकडे नको. आणि दुसऱ्यानं वाचल्याशिवाय पहिल्यानं चढवायचं नाही. एवढं मान्य असेल तर पॅच पुन्हा वाचायला मी बसतो.