मदत हवी आहे: दुकानाला दीड फुटाची चढण, रॅम्पला जागा नाही

तर्रीवाला_नागपूर:
नमस्कार मंडळी. अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला माझं तर्री-पोह्याचं छोटं दुकान आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये नागनदीचं पाणी घुसलं, फ्रीज तरंगला, बेसनाची पोती गेली. त्या भीतीनं फरशी रस्त्यापासून दीड फूट उचलली. समोर तीन पायऱ्या आल्या.

आमचे एक जुने गिऱ्हाईक, काकाच म्हणतो आम्ही त्यांना, मागच्या वर्षी ॲक्सिडेंट झाल्यापासून व्हीलचेअरवर आहेत. पोऱ्या रोज त्यांची प्लेट ऑटोत नेऊन देते. परवा म्हणाले, "अरे, मी काय पार्सल आहे का?" हसतच म्हणाले, पण दिवसभर डोक्यातून जाईना. दोनदा उचलून आत आणलं होतं, ते त्यांना आवडलं नाही. कोणाला आवडेल?

मिस्त्री म्हणते पाच फुटांचा रॅम्प टाकून देतो. नेटवर पाहिलं तर उतार १:१२ पाहिजे, म्हणजे दीड फुटाला १८ फूट! दुकानाची रुंदीच १४ फूट, समोर माझी जागा ४ फूट, पुढं नाली. शेजारचा म्हणते रॅम्पचा कायदा फक्त सरकारी इमारतींना आहे, तू काऊन डोकं लावून राहिला. खरं आहे का?

सिमेंट_वाळू:
पाच फुटांचा रॅम्प अजिबात करू नका. उतार १:३ च्या आसपास जातो, चढताना खुर्ची मागे कलंडेल.
रॅम्प वाढवण्यापेक्षा चढण कमी करा. बसायच्या भागाची फरशी सहा इंचांवर आणा. भट्टी, फ्रीज, धान्य मागे दीड फुटावरच राहू द्या. सहा इंचांना सहा फूट रॅम्प पुरतो, तो दुकानाच्या दर्शनी भिंतीला लागून आडवा बसेल. वर पाच फूट सपाट जागा सोडली तरी एकूण अकरा फूट होतात, तुमच्या १४ फुटांत आलं. नालीवर काही टाकू नका. पाण्यासाठी शटरच्या दोन्ही बाजूंना खाचा करून घ्या, पावसाळ्यात त्यात फळी सरकवायची. पूर आलाच तर टेबलं भिजतील, फ्रीज वाचेल.

कलम_वाचक:
शेजाऱ्यांचं चुकतंय. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधल्या 'सार्वजनिक इमारती'त लोकांची ये-जा असलेल्या खासगी इमारतीही येतात, व्यापारी वापराच्या धरून. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती, आता २१ आहेत. म्हणजे प्रश्न एकट्या व्हीलचेअरचा नाही. भिंतीवरचा मेनू ज्याला दिसत नाही, त्याला पोऱ्यानं वाचून दाखवावा. त्याला खर्च काहीच नाही.

चाकावरची_मानेवाडा:
मी स्वतः व्हीलचेअर वापरते, म्हणून सांगते. मिस्त्री लोखंडी पत्रा सुचवेल, तो नको. मे महिन्यात नागपुरात त्याला हात लावून बघा! गुळगुळीत टाइल तर नकोच, वरून तर्री सांडली की संपलं. खरबरीत सिमेंट बरं. रॅम्पला दोन्हीकडून रेलिंग लावा.
आणि आत गेल्यावर बसायचं कुठं? जमिनीत रोवलेली बाकं असतील तर एक काढा. टेबलाखाली गुडघे जायला २७-२८ इंच मोकळे हवेत. बाहेर झकास रॅम्प आणि आत खुर्ची वळायला जागा नाही, अशी हॉटेलं मी पुष्कळ पाहिली. बाकी, काकांना काय हवं ते विचारलंत का?

तर्रीवाला_नागपूर:
नव्हतं विचारलं ताई, आज विचारलं. फरशी खाली घेतो म्हटलं तर खूश झाले, पण पहिली गोष्ट काढली हात धुवायच्या बेसिनची. दोनदा आत आणलं तेव्हा नळापर्यंत हात पोचला नव्हता, तर्रीचे हात रुमालाला पुसून गेले म्हणे. आम्हाला पत्ताच नाही.
सिमेंटवाले भाऊ, मिस्त्रीला तुमचा हिशेब दाखवला, तयार आहे. आता बेसिन खाली घेतलं तर खालचा पाइप गुडघ्यात येते. तो भिंतीकडून कसा वळवायचा? कोणी प्लंबर आहे का इथं?