बेस की टॉप? क्यू३ घेणाऱ्यांसाठी थोडी भर

गाडीचं कुठलं व्हेरिएंट घ्यावं या चर्चेत बहुतेकांचा सूर 'खालच्या व्हेरिएंटमध्ये काहीच मिळत नाही, घ्यायची तर टॉपच' असा आहे. ऑडी क्यू३ला तरी तो लागू पडत नाही. २०२२ मध्ये भारतात आलेल्या दुसऱ्या पिढीत प्रीमियम प्लस (खालचं व्हेरिएंट) घ्या की टेक्नॉलॉजी (टॉप), २ लिटर पेट्रोल इंजिन, क्वाट्रो (चारही चाकांना ताकद देणारी ऑडीची यंत्रणा) आणि पॅनोरॅमिक सनरूफ दोन्हीकडे होतंच. माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट मागची सीट. ती पुढेमागे सरकते. मागे असताना डिकी ५३० लिटर, पूर्ण पुढे ओढली की ६७५. शोरूममधला सेल्समन अँबियंट लाइट दाखवत बसेल, तुम्ही सीट सरकवून बघा.

टॉपचे जास्तीचे पैसे मुख्यतः मोठा टचस्क्रीन, वायरलेस चार्जिंग आणि बंपरखाली पाय हलवला की उघडणारी डिकी यांचे. (हातात पिशव्या असताना मजा येते, नाकारत नाही.)

आणखी एक. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स आहे. गाडीच्या इनव्हॉइसमध्ये धरलेल्या जास्तीच्या ऑप्शनवरही हा टॅक्स लागतो. म्हणून मॅट, मडफ्लॅप, डॅशकॅम (समोरचा रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा) वेगळ्या बिलावर घ्या, आणि डॅशकॅम विम्यात वेगळा नोंदवून घ्या.