'ग्लिया'ला मराठीत काय म्हणावं? (आणि चिडलेल्या ग्लियाला?)

माटोळी: फोंड्यातल्या आमच्या वाचन मंडळाच्या भित्तिपत्रकासाठी पार्किन्सनवर एक पान लिहितेय. विषय एवढाच की मेंदूतल्या चेतापेशी मरायला लागल्या की शेजारच्या ग्लिया पेशी काय करतात. मी 'आधारपेशी' लिहिलं. बाबांना स्वतःलाच पार्किन्सन आहे, मांडीवरच्या हाताचा अंगठा जपमाळ ओढल्यासारखा चालूच असतो, ते वाचून म्हणाले, आधार आहे तर पडझड कशी गो होते? माझ्याकडे उत्तर नाही. 'श्लेषपेशी' पण वाचलंय, पण त्यावरून मला शाळेतला श्लेष अलंकारच आठवतो. सुचवा काहीतरी.

रंधा: श्लेष चुकीचा नाही हां, श्लिष् म्हणजे चिकटणे, आणि ग्रीकमधे ग्लिया म्हणजे गोंदच. १८५६ साली फिरखो या जर्मन डॉक्टरने हे नाव दिलं तेव्हा जर्मनमधे 'किट' म्हटलं होतं, म्हणजे आमच्या सुतारकामातली लांबी! चॉक पावडर बेलतेलात, म्हणजे जवसाच्या तेलात मळून लाकडाच्या भेगांत भरतात ना, तीच. त्याला वाटलं हा नुसता भरणा आहे, मधली जागा बुजवायला. तुमचा 'आधार' त्याच समजुतीतून आलाय.

पेजजेवण: पॅथॉलॉजी शिकवते म्हणून दोन शब्द. ग्लिया एका जातीच्या नसतात. मायक्रोग्लिया, ज्या १९१९ मधे स्पेनच्या ऑर्तेगा या शास्त्रज्ञाने वेगळ्या ओळखल्या, त्या एरवी बारीक बारीक फांद्या हलवत आजूबाजूला चाचपत असतात, जवळची चेतापेशी मेली की फांद्या आत ओढून गोल गरगरीत होतात आणि कचरा गिळायला लागतात. ॲस्ट्रोसाइट म्हणजे तारापेशी, त्या फुगतात, फांद्या जाड होतात. इथपर्यंत सगळं कामाचंच. पण पार्किन्सनमधे पेशी एकदा मरून थांबत नाहीत, वर्षानुवर्षं मरतच राहतात, त्यामुळे ही सफाईपण थांबत नाही आणि सूज आणणारी रसायनं सुटत राहतात. २०१७ मधे उंदरांच्या पेशींवर दिसलं की मायक्रोग्लियाच्या इशाऱ्याने तारापेशी अशा बदलतात की धडधाकट चेतापेशीच मारतात. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे बघ. अशा बदललेल्या ग्लियाला इंग्रजीत 'रिॲक्टिव्ह' म्हणतात, मला अडतं ते त्या शब्दाला, 'प्रतिक्रियाशील' म्हणजे सरकारी परिपत्रक वाटतं.

रंधा: बिथरलेल्या?

माटोळी: बिथरलेला म्हटलं की बैल, पहिल्यापासून शिंगं उगारलेला. या तर आधी साफसफाई करतायत.

पेजजेवण: चवताळलेल्या तर त्याहून वाईट.

कुळागर: चाळवलेल्या म्हणा की. झोप चाळवते, भूक चाळवते, त्यात वाईट काही नाही, आणि जुनं दुखणंही चाळवतं. दोन्ही बाजू एकाच शब्दात येतात.

पेजजेवण: वा! हा मी वर्गात वापरणार.

माटोळी: ठरलं. ग्लिया तसंच ठेवते, ॲस्ट्रोसाइटला तारापेशी, रिॲक्टिव्हला चाळवलेल्या. आधार खोडला. लांबीची गोष्ट चौकटीत टाकते.

रंधा: टाक, पण 'सुताराची लांबी' असं लिही, नाहीतर लोक विचारतील किती फूट.